जांभळ्याला दिलेले तीन पास

संग्रामचा फोन मंगळवारी आला. तो आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कप्तान होता, आणि आवाजावरून अजूनही आहे. "रविवारी सकाळी सातला ग्राउंडवर ये. जुन्या पोरांची मॅच हाय. बूट नसतील तर अनवाणी ये, पर ये." मी काही बोलायच्या आत फोन बंद.

आज रविवार. मी साडेसहालाच येऊन पायऱ्यांवर बसलो आहे. मैदानावर दव आहे. फक्कीच्या रेषा कालच्या असाव्यात, कोपऱ्यांत ठळक, मध्यभागी पुसट. शिवाराच्या बाजूनं गुऱ्हाळाचा वास येतो आहे, उकळत्या रसाचा, कडेला किंचित करपलेला. दिवाळी संपून थंडी पडली की हा वास गावावर उतरतो. इतरांना त्यानं काकवी आठवत असेल. मला मॅच आठवते.

जुन्या दिवसांसाठी उसासे टाकणं मला जमत नाही. त्या दिवसांत पुष्कळ वाईट होतं, आणि ते गेलं ते बरंच झालं. पण वास काही परवानगी मागून येत नाही. तो आला की त्याच्या मागून तालीम येते, तालमीच्या मागून अण्णांचा छापखाना येतो, आणि शेवटी ह्याच मैदानावरची ती दुपार येते, जिच्यात माझं नाव जवळजवळ बुडालं होतं.

आमच्या पेठेतली तालीम म्हणजे एक लांबट खोली. आत लाल मातीचा हौद, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती, आणि मारुतीच्या वरच्या खुंटीला टांगलेली जाळी, जाळीत चार फुटबॉल. कोल्हापुरात कुस्ती आणि फुटबॉल एकाच छपराखाली नांदतात, ह्याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. आम्हाला नाही. हौदातल्या मातीत ताक, हळद, तेल आणि लिंबू मुरलेलं असे, आणि त्या आंबट वासात नव्या बॉलचा रबरी वास मिसळला की मोसम सुरू झाला असं समजायचं. मॅचच्या दिवशी बॉल आधी मारुतीच्या पायाशी ठेवायचा. नारळ फुटायचा. मग प्रत्येकानं हौदातली चिमूटभर माती उजव्या पायाच्या मोज्यात टाकायची. डावखुरे असले तरी उजव्याच. मी एकदा वस्तादांना विचारलं, "उजव्याच का?" वस्ताद म्हणाले, "डाव्यात टाकली तर काय हुतंय ते तू बघणार हाईस व्हय? गप टाक." मी टाकली.

आमचा रंग जांभळा. तो कुणी निवडलेला नव्हता. फार पूर्वी जर्सी लाल असावी की निळी यावरून तालमीत दोन तट पडले, दोन्ही तटांनी रंगाऱ्याकडं आपापला रंग पाठवला, आणि रंगाऱ्यानं वैतागून दोन्ही एकाच कढईत ओतले, असं वस्ताद सांगत. खरं-खोटं मारुतीला माहीत. मी मात्र वाढलो तो जांभळ्यातच. गल्लीच्या तोंडाशी जांभळी कमान. गणपतीचा मांडव जांभळा. सायकलींच्या हँडलना जांभळ्या फिती. तालमीच्या जर्सी धुवायचं काम आळीपाळीनं घरोघर फिरायचं, आणि आमच्या घरी आलं की आई सगळे कपडे एकाच बादलीत भिजवायची. रंग सुटायचा. त्यामुळं शुभ्र म्हणावी अशी एकही वस्तू आमच्या घरात नव्हती. उशांचे अभ्रे, अण्णांचे बनियन, माझा शाळेचा सदरा, सगळ्यांवर तीच फिकी झाक. वर्गशिक्षिका विचारायच्या, "शाईच्या दौतीत बुडून आलास का रे?"

शाई आमच्या घरात होतीच, पण ती काळी. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका लहान छापखान्यात मशीनवर होते. लग्नपत्रिका तिथं छापल्या जात, पण अण्णांचा जीव पत्रकांत. मोर्चाची पत्रकं, कारखान्याच्या गेटसभेची, दूधदराची, वाचनालय बंद पाडायला निघालेल्यांच्या विरोधातली. छपाईत बिघडलेले ताव ते घरी आणत. त्यांना रॉकेलचा आणि ओल्या शाईचा वास असे. मी पाठ्यपुस्तकाच्या आधी पत्रक वाचायला शिकलो. मागणी म्हणजे काय, निषेध म्हणजे काय, 'आम्ही खाली सह्या करणारे' म्हणजे कोण, हे मला बाराखडीबरोबरच कळलं. आणि त्या पाठकोऱ्या कागदांवर मी मैदानं काढायचो. अकरा गोल, अकरा फुल्या, आणि मधल्या गोलातून सगळीकडं सुटणारे बाण. पुढच्या बाजूला क्रांती, मागच्या बाजूला फुटबॉल. गल्लीतली पोरं मला छाप्या म्हणत.

मला मधली जागा हवी होती. गोल मारणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहितात, गोल अडवणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. मधल्या खेळाडूचं काम वेगळं. सगळे बॉल त्याच्याकडं येतात आणि कुणाला काय द्यायचं हे त्यानं ठरवायचं. वाटप न्याय्य पाहिजे, हे मी पत्रकांत वाचलं होतं. पायानं ते करता येतं, ह्याचा मला कोण आनंद होता.

कॉलेजच्या संघात सगळ्या पेठांची पोरं एकत्र यायची आणि तिथंच घोटाळा व्हायचा. संग्राम आमच्या पलीकडच्या पेठेतला. त्याच्या तालमीची आणि आमच्या तालमीची मॅच असली की दोन्हीकडचे दुकानदार आदल्या दिवशीच फळ्या आत घेत. संग्राम संघात माझ्याशी बोलायचा तो फक्त कामापुरतं, आणि काम फारसं नसायचं, कारण दोन वर्षं मी राखीव खेळाडूंच्या बाकावरच होतो. ही पेठापेठांची दुश्मनी मूर्खपणाची आहे असं माझं तेव्हाही ठाम मत होतं. मी ते मोठ्यानं सांगायचो. मोज्यात माती टाकून सांगायचो.

तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी सर म्हणाले, "उद्या मधी तू." सर म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक. शिट्टी गळ्यात, हातात सदैव शेंगदाण्यांची पुडी. एवढंच म्हणाले आणि पुडी पुढं केली. त्या खारट शेंगदाण्यांची चव अजून जिभेवर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरचं कॉलेज मैदानात उतरलं, आणि उतरलं ते जांभळ्या जर्सीत. तशी त्यांची जर्सी गेल्या वर्षीपर्यंत हिरवी होती. आमची पांढरी. माझी मात्र आईनं धुतलेली, त्यामुळं नेहमीसारखीच किंचित जांभळट. त्यांचा पुढचा खेळाडू इंद्या. इंद्या माझ्याच गल्लीतला, माझ्याच तालमीतला, कॉलेज तेवढं वेगळं. त्यानं लांबून हात केला. मी केला. सगळं पायऱ्यांवरच्या लोकांनी पाहिलं.

पुढचं मी चव आणि आवाजांतूनच आठवू शकतो. तोंडातली धूळ. पायऱ्यांवरून येणारा ताशा. स्वतःच्या छातीतली धडधड, जी त्या ताशाशी जुळत नव्हती. बाराव्या की तेराव्या मिनिटाला दोघे माझ्या अंगावर आले. मी मान वर केली, उजवीकडं जांभळा दिसला, आणि दिला. इतका छान पास मी आयुष्यात दिला नव्हता. थोड्या वेळानं पुन्हा. पायऱ्यांवर हशा झाला. तिसऱ्या वेळी दिलेला थेट इंद्याच्या पायात गेला, आणि इंद्यानं जे करायचं तेच केलं. जाळी हलली. ताशा थांबला. त्या शांततेत वरच्या पायरीवरून एक जाडाभरडा आवाज आला.

"आरं, कुणाचा हाईस रं तू? आमचा का त्येंचा?"

दुसरा म्हणाला, "जर्सी बघ की त्येची. ती बी जांभळी हाय."

मध्यंतरात सरांनी मला बसवलं. पुडी पुढं केली नाही. आम्ही एका गोलनं हरलो.

चुकणं मला ठाऊक होतं. चुकलेला खेळाडू पुढच्या मॅचला बसतो, त्याच्या पुढच्या मॅचला खेळतो. पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर एक मजकूर फिरू लागला. 'पेठेसाठी कॉलेज विकलं. तीन पास, तीन पुरावे.' लिहिलं कुणी, ते कुणालाच माहीत नाही. पुढं ढकलणारे सगळे. फितूर. हा शब्द ज्या गावात शिवी म्हणून वापरतात त्या गावात मला पुढं राहायचं होतं, खेळायचं होतं, चहाच्या गाड्यावर उभं राहायचं होतं. ते आता होणार की नाही, हाच प्रश्न होता. आंतरमहाविद्यालयीन करंडक वगैरे त्या वेळी मनात नव्हता.

अण्णा जेवायला बसले होते. मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा लावला आणि सवयीनं आधी तळाशी पाहिलं. पत्रक हातात आलं तरी ते असंच करत. छापणाऱ्याचं नाव असेल तरच डोळे वर न्यायचे.

"खाली नाव कुठं हाय?"

"न्हाई."

"मग हे वाचायचं कशाला?"

"अण्णा, सगळ्यांनी वाचलंय."

ते भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "तू तीन वेळा त्यांना बॉल दिलास, हे खरं हाय?"

"हाय."

"का दिलास?"

मी खरं ते सांगितलं. सांगताना मला स्वतःलाच ते पहिल्यांदा कळलं. "घाबरलो की मी माणूस बघत न्हाई. रंग बघतो. आणि ओळखीचा रंग मला एकच."

आईनं तव्यावरची भाकरी तशीच सोडून मागं पाहिलं. तिच्या पदरावरही तीच जांभळी झाक होती. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात दोन बादल्या झाल्या.

अण्णा म्हणाले, "हे जे आता मला सांगितलंस ते लिही. आणि खाली नाव घाल."

मी लिहिलं. दूधदराच्या एका बिघडलेल्या पत्रकाच्या पाठीवर, मोठ्या अक्षरांत, आणि सकाळी पहिल्या तासाच्या आधी जिमखान्याच्या फलकावर चार टाचण्यांनी लावलं. 'कालच्या सामन्यात मी तीन वेळा बॉल जांभळ्या जर्सीला दिला. मला कुणी फितवलं नव्हतं. दबाव आला की मी ओळखीचा रंग शोधतो, आणि मला लहानपणापासून एकच रंग ओळखीचा आहे. ही माझी चूक आहे. ती मी दुरुस्त करीन. ज्यांनी माझ्याविषयी लिहिलं त्यांनीही खाली आपलं नाव घालावं.' त्याखाली माझं पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक.

आजही माझं हेच मत आहे. निनावी आरोप म्हणजे भेकडाची छपाई. आणि चूक झाली असेल तर ती चौकात कबूल करावी, कोपऱ्यात नाही. कोपऱ्यातल्या कबुलीला दुसऱ्या दिवशी पाय फुटतात.

दुपारी फलकापुढं गर्दी होती. संग्राम मोठ्यानं वाचत होता, एकेक शब्दावर थांबत, आणि मी मागं उभा होतो. वाचून झाल्यावर तो वळला.

"म्हणजे तू फितूर न्हाईस."

"न्हाई."

"तू येडा हाईस."

"व्हय."

त्यानं कागदाची खालची कड उचलून मागं पाहिलं. "ह्यो दूधदराचा कागद हाय की रं. पलटी करून लावू का? आमच्या मामाला बघू दे दर." मग गर्दी हसली, मीही हसलो. पण जाताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "येडा चालंल. पर मी तुला बॉल देणार न्हाई. माझा बाप बी त्या पायऱ्यांवर हुता."

गर्दीत आमचा गोलकीपर भरतेश होता. नेसरीचा, वसतिगृहात राहणारा, शेतकरी जैनाच्या घरचा. आवाज असा की गोलमध्ये उभं राहून त्यानं खाकरलं तरी रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघत. त्याला आमच्या पेठा कधीच कळल्या नाहीत. तो सगळ्यांनाच पावणं म्हणायचा, प्राचार्यांनासुद्धा. तो म्हणाला, "मला तुमचं ह्ये रंगाचं काय समजत न्हाई बघा पावणं. आमच्याकडं भाताच्या शेतात खेळतोय. अर्ध्या तासात बावीसच्या बावीस एकाच रंगाची. मग काय करतोय? बोंबलतोय."

सर फलकावरचा कागद वाचून गेले होते. संध्याकाळी सरावाला येताना प्रत्येकानं आपापल्या तालमीची जर्सी घालून यावं, असा निरोप तेवढा दिला. मैदानावर आम्ही उतरलो तेव्हा गल्लीतल्या वाळवणासारखं दिसत होतं, सहा-सात रंग, आणि दोन्ही बाजूंना सगळे मिसळलेले. सर म्हणाले, "आज डोळ्यांवर इस्वास ठेवायचा न्हाई. ज्याला बॉल पायजे त्यानं तोंडानं मागायचा. जो मागणार न्हाई त्याला मिळणार न्हाई."

पहिले दोन दिवस मला कुणी हाक मारली नाही. बॉल माझ्याकडं आला की मैदान एकदम गप्प व्हायचं. माणसं होती, पळत होती, पण तोंडं मिटलेली. बहिष्कार हा शब्द मी पत्रकांत शेकडो वेळा वाचला होता. त्याचा आवाज कसा असतो ते तिथं कळलं. फक्त मागून, गोलमधून, एक आवाज यायचा. "पावणं, डावीकडं बघा. पावणं, मागं एक हाय. पावणं, बसू नका, जेवायला न्हाई बोलावलं."

त्या पंधरवड्यात मी ऐकायला शिकलो. लोक म्हणतात फुटबॉल डोळ्यांचा खेळ आहे. अर्धा आहे. उरलेला अर्धा कानांचा. कडक जमिनीवर बुटांचे खिळे वाजतात आणि प्रत्येकाचे वेगळे वाजतात. संग्राम टाचेवर जोर देऊन पळतो, थपथप, जणू कुणीतरी धुणं आपटतंय. डावीकडचा पोरगा पळताना नाकानं सूं करतो. भरतेश जागेवरून हलायच्या आधी दोन्ही हातमोजे एकमेकांवर मारतो. सकाळी मी तालमीमागच्या भिंतीपाशी जायचो, बॉल मारायचो, तो परत येताना डोळे मिटायचो. अण्णा कामावर जाण्याआधी पाच मिनिटं थांबायचे आणि इकडून तिकडं जात मोठ्यानं एखादं पत्रक वाचायचे. "तमाम कामगार बंधूंना" डावीकडून आलं की पास डावीकडं. "जाहीर आवाहन" उजवीकडून आलं की उजवीकडं. एकदा बॉल त्यांच्या डब्यावर बसला आणि भाजी सांडली. त्यांनी आवाहन पूर्ण वाचलं आणि मगच डबा उचलला.

संघ साखळीतले बाकीचे सामने माझ्याशिवाय जिंकत गेला. उपांत्य फेरीत पुन्हा तेच जांभळे समोर आले. आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. संग्राम शेजारी उभा होता, हाताची घडी घालून.

"उद्या मधी तू."

संग्राम म्हणाला, "सर, उद्या नको. फायनलला खेळवा. उद्या समोर जांभळं हाय."

"म्हणून तर उद्या." सर माझ्याकडं वळले. "पयली वीस मिनटं. त्यात एक जरी पास त्यांच्याकडं गेला, तर तू बाहेर. मग पुन्हा मी तुला इचारणार न्हाई."

"चालंल, सर."

त्या रात्री झोप लागली. हे मी मुद्दाम सांगतो. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस तळमळतो. मी करायचं ते केलं होतं, आणि सांगायचं ते नाव घालून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पायऱ्या भरलेल्या. मी तीच जांभळट जर्सी घातली होती. आईनं नवी बादली वापरली तरी मुरलेला रंग जात नव्हता आणि मी नवी जर्सी मागितली नाही. वरून आवाज आले, ते येणारच होते. "आलं बघा टपालखातं. पत्त्यावर नेऊन देतंय." मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मला ऐकायच्या होत्या त्या गोष्टी वेगळ्या होत्या. मैदान वाजत होतं. थपथप उजवीकडं. सूं डावीकडं. पहिला पास मी मान वर न करता दिला, आणि तो नाकवाल्या पोराच्या पायात असा बसला की त्यालाच दचकायला झालं. मग दुसरा. मग दहावा. सोळाव्या मिनिटाला मात्र एक पास घसरला आणि जांभळ्याकडं गेला. रंगाचा त्यात काही संबंध नव्हता, साधा पाय घसरला होता. मी बाकाकडं पाहिलं. सर शेंगदाण्याची साल फार लक्ष देऊन सोलत होते. त्यांना काही दिसलंच नव्हतं.

वीस मिनिटं गेली. मध्यंतर गेलं. गोल कुणाचाच नाही.

सामना संपायला थोडा वेळ उरला असताना बॉल माझ्याकडं आला, पाठ गोलकडं, आणि दोघे अंगावर. धूळ उडालेली. मला काही दिसत नव्हतं आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही. तेवढ्यात अगदी जवळून, डाव्या खांद्यापाशी, हाक आली.

"छाप्या, सोड."

तो आवाज मी चालायला लागल्यापासून ऐकत आलो होतो. ह्याच आवाजानं मला गोट्या खेळायला बोलावलं, कमानीवर चढायला बोलावलं, आई रागावली की लपायला बोलावलं. माझा पाय निघाला होता. खरं सांगतो, निघाला होता. इंद्यानं माझं दुखणं कुणाकडून तरी ऐकलं असणार आणि त्यावरचं औषधही. माझे डोळे फसत नाहीत म्हटल्यावर त्यानं माझ्या कानाला हात घातला.

आणि त्याच क्षणी उजवीकडून, थपथप, आणि त्या थपथपीच्या वर एक चिडका, दमलेला आवाज, जो आजवर मला हाक मारायला कधीच उघडला नव्हता.

"पावणं. हिकडं."

मी बॉल तिकडं सरकवला. संग्रामनं तो पळता पळता घेतला, कोपऱ्यापर्यंत नेला, आत टाकला, आणि नाकवाल्यानं डोक्यानं आत ढकलला. जाळीचा तो आवाज. ओला कपडा दोरीवर टाकावा तसा.

मॅच संपल्यावर संग्राम माझ्यापाशी आला. "त्यो शब्द भरतेशचा हाय. माझ्या तोंडात चुकून आला. तुझं नाव लई लांब हाय रं, बोलस्तवर बॉल जातोय." मग त्यानं मला पायऱ्यांकडं वळवलं आणि तिथं बसलेल्या त्याच्या वडिलांना मोठ्यानं सांगितलं, "आबा, ह्यो आमचाच हाय." त्याचे वडील पान थुंकून म्हणाले, "दिसलं की आता. आंधळा न्हाई मी."

पण माझा खरा सामना त्या संध्याकाळी होता. तालमीत जायला मला पहिल्यांदाच पाय उचलावे लागले. आत तेलाचा वास, उदबत्ती, हौदाच्या काठावर दहाबारा जण. मी आलो आणि बोलणं थांबलं. कॉलेजसाठी आपल्याच गल्लीच्या पोराला हरवून आलो होतो. कुणीतरी म्हणालं, "आपलं माणूस शेजारी उभं राहून मागतंय, आणि ह्यो दुसऱ्या पेठंला देतोय. लई शिकला."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडं उत्तर होतं, मुद्देसूद, तीन भागांत. पण इंद्या आधी उठला. पायाला पट्टी, केसांत अजून धूळ.

"गप बसा रं. मी हाक मारली ती त्याला फशिवायला मारली. चोरी माझी हाय." तो वस्तादांकडं वळला. "वस्ताद, त्यानं मला दिला न्हाई. माझ्या आवाजाला फसला न्हाई, तर ह्यो आणि कुणाच्या आवाजाला फसणार? मोसम सुरू हुतोय. मधी ह्याला ठेवा."

वस्तादांनी काठावर सांडलेली माती हातानं हौदात लोटली. मग म्हणाले, "बघू." तालमीच्या भाषेत त्याचा अर्थ ठरलं असा होतो. काठावरचे दोघे-तिघे मात्र महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं मत त्यांच्यापाशी. निदान ते तोंडावर गप्प होते.

ऊन आता निम्म्या मैदानावर आलं आहे. ती तालीम आता तशी नाही. हौद अर्धा केला, अर्ध्यात लोखंडी यंत्रं आली, माती आंबायला पूर्वीसारखं ताक कुणी घालत नाही. अण्णांचा छापखाना बंद झाला आणि त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. निनावी मजकूर पूर्वीपेक्षा फार वेगानं फिरतात आणि खाली नाव शोधणारा माणूस येडा ठरतो. ठरू दे. मी अजून लिहितो आणि अजून नाव घालतो, आणि त्याचे दुष्परिणाम सोसण्याइतका घट्ट झालो आहे. हे घट्टपण मला कुठल्या भाषणानं दिलं नाही. ह्या धुळीनं दिलं.

भरतेश मोटारसायकलवरून आला आहे. नेसरीहून पहाटे निघाला, मागच्या सीटला दुधाचं कॅन तसंच बांधलेलं. "म्हशीला सांगून आलोय, पावणं, दुपारपर्यंत थांब म्हणून. नाराज हाय." त्याच्या मागून इंद्या. हा ह्या कॉलेजचा नव्हेच, पण त्याला कोण विचारणार. "माणसं कमी पडतील असं वाटलं," एवढंच म्हणाला आणि बूट बांधायला बसला. शेवटी संग्राम, पोट आधी, बाकीचा नंतर.

समोर सध्याच्या संघाची पोरं आहेत. पोटऱ्या अशा की बघूनच दम लागावा. आम्ही जे मिळेल ते घालून आलो आहोत, कुणी बँकेचा टीशर्ट, कुणी लग्नातला. शिट्टी झाली. दोन मिनिटांत बॉल माझ्याकडं आला आणि विशीतली दोन पोरं वाऱ्यासारखी अंगावर आली.

मागून ओरडा आला, "पायात दे रं. पळायला सांगू नगंस."

मी वळलोही नाही. दिला. बॉल गवतावरून सरळ गेला आणि संग्रामच्या उजव्या पायात जाऊन थांबला. त्याला जागेवरून एक पाऊलसुद्धा हलावं लागलं नाही.